नऊ नंबरची चादर

लस घ्यायची नाही, हे आम्ही सात जणींनी लाँड्रीत ठरवलं. ठरवलं म्हणजे काही ठराव वगैरे झाला नाही. स्वयंपाकाच्या काकू म्हणाल्या, "मी नाही बाई दंड पुढे करणार," आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, एवढंच.

लाँड्री म्हणजे वृद्धाश्रमाच्या मागच्या अंगाची लांबट खोली. दोन धुण्याची मशीनं, एक वाळवायचं, इस्त्रीचं मोठं टेबल आणि भिंतभर फळ्यांवर चादरी. थंडीत सगळ्या इमारतीत ऊब असलेली ही एकच खोली, त्यामुळे चहाचा कप हातात आला की जी ती माझ्याकडे. मी तिथे अकरा वर्षं कपडे धुतेय. मला सगळे मावशी म्हणतात.

त्या वर्षी तापाची साथ गावोगाव फिरत होती आणि तिच्यावरची लस आश्रमात येणार होती. म्हातारी माणसं निमूटपणे तयार झाली. अडलं ते आमच्यापाशी. काकूंच्या चुलतभावाला कुठलीशी लस घेतल्यावर आठ दिवस अंथरूण धरावं लागलं होतं. धाकटी आया, जिला आम्ही चिमणी म्हणायचो कारण ती तेवढीच होती आणि तशीच चिवचिव करायची, तिच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मूल होत नाही म्हणे या लसीने, असं तिच्या फोनवर कुणीतरी पाठवलं होतं. बाकीच्यांचं आपलं, सगळ्या नको म्हणतात तर आपणही नको.

माझं कारण माझ्या घरात बसलेलं होतं. आमचे हे सात वर्षांपूर्वी शिडीवरून पडले. हॉस्पिटलात त्यांच्या पाठीत एक इंजेक्शन दिलं, त्यानंतर डावा पाय कायमचा बधिर झाला. मला तीन कागदांवर सह्या करायला लावल्या, कशाकशावर ते कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून मी ठरवलं होतं की न सांगता टोचणाऱ्यांपुढे आपण हात करायचा नाही.

डॉक्टर येऊन भिंतीवर चित्रं दाखवून गेले. मॅनेजरसाहेब दमात घेऊन गेले. आम्ही ढिम्म.

मग मोठ्या सिस्टर आल्या. आश्रमातल्या तीन सिस्टरांमध्ये त्या वयाने मोठ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. कमी बोलायच्या. इंजेक्शन असं द्यायच्या की म्हातारे विचारायचे, कधी टोचताय, आणि सिस्टर तोवर कापूस चोळत असायच्या. त्या दुपारी त्या लाँड्रीत आल्या, स्टूल ओढलं आणि माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालू लागल्या. दहा-बारा चादरी झाल्यावर म्हणाल्या, "कशाची भीती वाटते ते एकेकीने सांगा. मी हसणार नाही."

आणि खरंच हसल्या नाहीत. काकूंना म्हणाल्या, "दंड दुखेल. ताप येईल एक दिवस. तुमच्या जागी पोळ्या मी लाटीन, पण त्या कुणी खाईल असं वाटत नाही." चिमणीला त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि तिच्या फोनवरचा तो निरोप शब्दन्‌शब्द वाचला. मग त्यात काय काय खोटं आहे ते तिला एकेक करून सांगितलं. मला म्हणाल्या, "तुमच्या ह्यांचे कागद आहेत?"

दुसऱ्या दिवशी मी फाइल नेली. त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर ती पसरली आणि ओळीखाली बोट धरून अर्धा तास वाचली. मग म्हणाल्या, "मावशी, हे बघा. हा भरती केल्याच्या वेळचा कागद. यात लिहिलंय, डावा पाय बधिर आहे. इंजेक्शन दुसऱ्या दिवशीचं, ऑपरेशनआधी भूल द्यायला. पाय पडण्यानेच गेला होता. कुणीतरी तुम्हाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

सात वर्षं ती फाइल माझ्या कपाटात साड्यांखाली होती. मी रडले नाही, पण त्या दिवशी दोन चादरींना इस्त्रीचे डाग पडले.

शेवटी सिस्टर म्हणाल्या, "नऊ नंबरच्या बाईंना ही लस देऊन उपयोग नाही, माहीत आहे ना? त्यांची रक्ताच्या आजाराची औषधं चालू आहेत, त्यांनी अंगाची प्रतिकारशक्ती दबते, त्यांच्या अंगात ती लागू होणार नाही. त्यांना वाचवायचं तर त्यांच्या भोवतीच्या सगळ्यांनी घ्यायची. दुसरा उपाय नाही." आणि बाही वर करून दंडावरची लहानशी पट्टी दाखवली. "मी कालच घेतली. उभी आहे ना तुमच्यासमोर?"

त्या पट्टीने काम केलं. पट्टीने आणि बाईंच्या नावाने.

नऊ नंबरच्या बाई म्हणजे गणिताच्या बाई. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. आता डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, पण खोलीत कुणी पाऊल टाकलं की पाढा विचारायच्या. मी चादर बदलायला गेले की, "मावशी, सतराचा." मला बारापर्यंतच येतात म्हटलं तर म्हणायच्या, "मग चादर बाराच वेळा झटका." दुपारी दोन वाजता सिस्टर त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला जायच्या तेव्हा त्यांना एकोणतीसचा पाढा म्हणावा लागायचा. सिस्टर नेहमी मध्येच अडकायच्या. बाई पुढचं सांगायच्या नाहीत. "उद्या पाठ करून या," म्हणायच्या. मूलबाळ नसलेल्या त्या दोघींचं दुपारचं ते अर्धा तास चालायचं, आणि आम्ही कुणी तेव्हा नऊ नंबरमध्ये जात नसू.

आम्ही सातही जणींनी लस घेतली. सिस्टरांनी स्वतः दिली. नंतर सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये अर्धा तास बसवून ठेवलं आणि त्या एकेकीजवळ जाऊन तळहात बघू लागल्या. "खाज येतेय का? जिभेला काही वेगळं वाटतंय?" एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा आल्या तेव्हा काकूंनी हात पुढे करून विचारलं, "सिस्टर, आमची या स्वयंपाकघरातून सुटका कधी, तेवढं बघून सांगा." सगळ्या हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी काकूंचा तळहात उजेडाकडे वळवून नीट बघितला आणि पुढे गेल्या.

दीड महिन्याने साथ आमच्या दारात आली.

आधी सिस्टरांचा घसा बसला, खोकला लागला. दोन दिवस त्या तोंडाला फडकं बांधून कामावर आल्या, म्हणाल्या, हवा बदललीय. तिसऱ्या दिवशी घरी राहिल्या. पाचव्या दिवशी बाईंना ताप भरला. आणखी दोघा आजोबांनाही आला, ते आठवड्याभरात उठून बसले. बाई उठल्या नाहीत. नवव्या दिवशी दुपारी गेल्या. तोवर सिस्टर परत आल्या होत्या, शेवटचे तीन दिवस त्याच बाईंजवळ होत्या.

त्याच सुमाराला बाईंचा पुतण्या भेटायला येऊन गेला होता, आणि तो खोकत होता हे वॉचमनने पाहिलं होतं. झालं. सगळा आश्रम पुतण्याच्या नावाने बोटं मोडू लागला. मीही मोडली. सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नसतच, म्हणून कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

आता चादरीचं सांगते.

आमच्याकडे प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर न जाणाऱ्या शाईने खोलीचा नंबर लिहिलेला असतो. बाई गेल्यावर नऊ नंबर कुलपात होती. पुतण्या सामान न्यायला येईना, म्हणून मॅनेजरसाहेबांनी महिनाभर खोली तशीच ठेवली होती. पलंगावर मी स्वतः धुतलेली चादर घालून आले होते. आणि तीन आठवड्यांनी, एका सकाळी, मळक्या कपड्यांच्या टोपलीत नऊ नंबरची चादर आली.

मला वाटलं, चुकून आली असेल. धुतली, फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी नऊ नंबरची दुसरी चादर टोपलीत. आणि फळीवरची पहिली गायब.

तिसऱ्या दिवशी मी ती टेबलावर पसरली. अकरा वर्षं चादरी धुतल्यावर चादरीवरून माणूस कळतो. कोण कुशीवर झोपतं, कोण पाय घासतं, कुणाला रात्रभर झोप लागली नाही, सगळं दिसतं. बाई उताण्या झोपायच्या, फूटपट्टीसारख्या सरळ. त्यांच्या चादरीला उठताना सुरकुती नसायची. या चादरीवर मधोमध एक गोळा झालेला खड्डा होता, गुडघे पोटाशी घेऊन कुणी पडलं की पडतो तसा. आणि डोक्याच्या बाजूला ओल होती. अजून पुरती वाळलेली नव्हती.

मी ती घाईने मशीनमध्ये टाकली आणि दोनदा धुतली.

त्याच दिवशी चिमणी लाँड्रीत आली ती पांढरीफटक. दोन वाजता ती नऊ नंबरवरून जात होती. आश्रमात दोन ते चार सगळे झोपलेले असतात, एवढी सामसूम की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येतो. "मावशी," ती म्हणाली, "आत कुणीतरी पाढा म्हणतंय."

"कसला?"

"एकोणतीसचा."

काकू तिथेच चहा घेत होत्या. एरवी त्यांनी यावर काहीतरी टोला हाणला असता. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तिकडून जाऊ नकोस आता. मागच्या जिन्याने जा." त्या दिवसापासून नऊ नंबरच्या बोळातून दुपारी कुणी जाईना. औषधांच्या गाडीलाही वळसा पडू लागला.

भूतबित मी मानत नाही असं नाही. पण भूत चादर बदलत नाही, आणि मळकी टोपलीत आणून टाकत नाही. चार दिवसांनी अडीचच्या सुमाराला मी हातात रिकामी टोपली घेतली आणि बोळातून गेले. टोपली उगाच. नुसत्या हातांनी जायचा धीर नव्हता.

दाराचं कुलूप उघडं होतं. आतून आवाज येत होता, हळू, एकाच पट्टीत. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. चोक सोळोदरसे." मग थांबला. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबला. तो आवाज बाईंचा नव्हता, पण थांबण्याची तऱ्हा कुणीतरी समोर बसून अडवल्यासारखी होती.

मी दार ढकललं.

पलंगावर मोठ्या सिस्टर होत्या. गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून. बुटांचा जोड पलंगाखाली नीट लावून ठेवलेला, शेजारी किल्ल्यांचा जुडगा. मला बघून त्या दचकल्या नाहीत. उठून बसल्या, आणि हाताने चादर सारखी करू लागल्या, जसं कुणी पाहुणा आल्यावर करावं.

"दार लावा, मावशी," म्हणाल्या.

मी लावलं. खुर्चीवर बाईंची शाल तशीच होती, म्हणून उभीच राहिले.

"सिस्टर, हे काय?"

"इथे पडलं की त्या गप्प होतात," त्या म्हणाल्या. "बाकी सगळीकडे विचारतात. घरी, बसमध्ये, औषधं मोजताना. पुढे काय, म्हणून. शेवटच्या तीन दिवसांत तापात त्या हेच विचारत होत्या. मला पुढचं येतं. पाठ केलंय मी. पण तोंडातून येत नाही."

मला वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय. मी म्हटलं, "तुम्ही काय कमी केलंत का त्यांचं? आणलं त्या पुतण्याने."

"पुतण्याने की मी, कुणाला माहीत," सिस्टर म्हणाल्या. "मी लस घेतली नव्हती, मावशी."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "पट्टी होती की."

"पट्टी होती."

मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी त्या एका हॉस्पिटलात होत्या. एका तरुण बाईला पेनिसिलिन द्यायचं होतं. आधी टोचून चाचणी घेतली, काही आलं नाही. मग पूर्ण इंजेक्शन दिलं. ती बाई म्हणाली, सिस्टर, तळहाताला खाज येतेय. या म्हणाल्या, थंडीने होतं तसं, आणि ट्रे ठेवायला वळल्या. ट्रे ठेवून परत वळेपर्यंत तिची जीभ जड झाली होती. डॉक्टर धावले, सगळं केलं. अर्ध्या तासात ती गेली. बाहेर तिचा नवरा सहा महिन्यांचं मूल घेऊन उभा होता. चौकशी झाली. सिस्टरांची चूक नाही असं लिहून आलं.

"दुसऱ्याला टोचताना माझा हात कधीच हलला नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यानंतर मी स्वतः एकही इंजेक्शन घेतलेलं नाही. दाढ काढली तीसुद्धा भूल न घेता. तुम्हाला पट्टी दाखवली त्याच्या आदल्या दिवशी मी माझी लस भरली. उपचाराच्या खोलीत एकटी होते. सुई कातडीला लावली, आणि दोन्ही तळहात असे खाजायला लागले की सिरिंज हातातून निसटायची वेळ आली. मी ती बेसिनमध्ये रिकामी केली. वर पाणी सोडलं. वहीत घेतली म्हणून लिहिलं. पट्टी लावली. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले."

वर पंखा बंद होता. खोलीत बाईंच्या तेलाचा वास अजून होता.

"आम्हाला खोटं सांगितलंत," मी म्हटलं.

"बाकी सगळं खरं होतं. तुमच्या फाइलचं, चिमणीचं, बाईंचं. तेवढंच एक खोटं."

"त्या एकावरच तर आम्ही दंड पुढे केला."

मी टोपली उचलली. त्यांच्या खालची चादर मागायला हवी होती, ते माझं काम. पण मला ती नको होती.

पुढचे दहा-बारा दिवस मी सिस्टरांशी बोलले नाही. नऊ नंबरची चादर येणं बंद झालं. सिस्टर कामावर येत होत्या, औषधं देत होत्या, पण गळ्यापाशी हाडं दिसू लागली होती. बोळातून जाताना मध्येच थांबायच्या, मान जराशी तिरकी करायच्या, कुणी हाक मारल्यासारखी. ते काय होतं हे सगळ्या आश्रमात मला एकटीला माहीत होतं. घरी आमचे हे विचारायचे, "गप्प का गं?" मी म्हणायचे, पाठ दुखतेय.

आणि मग दुसऱ्या डोसचं पत्रक लागलं.

पुन्हा सगळ्या लाँड्रीत. आता बाई गेल्याने सगळ्या बिचकलेल्या. एकीचं म्हणणं, लस घेऊनही साथ आलीच ना. दुसरीचं, आपल्यापैकी कुणी आजारी पडलं नाही, हेही खरं. चिमणी म्हणाली, "मोठ्या सिस्टर आजारी पडल्या की. त्यांनी तर सगळ्यांत आधी घेतली होती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घेतली होती ना हो, मावशी? त्या तुमच्याशी बोलतात."

मशीन फिरत होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी नाही म्हटलं असतं तर त्या खोलीतून एकीनेही दुसरा डोस घेतला नसता, आणि वर तीस म्हातारी माणसं होती. हो म्हटलं तर जे खोटं सिस्टरांच्या अंगावर होतं ते माझ्या अंगावर येणार होतं.

"घेतली होती," मी म्हटलं. "मी बघितलंय."

चिमणीने मान हलवली. सगळ्या कामाला गेल्या. मी टेबलाशी उभी राहिले, आणि धुण्याच्या मशीनचा तो रोजचा आवाज, धबधब, थांब, धबधब, थांब, तो मला पाढ्यासारखा ऐकू येऊ लागला. मी मशीन बंद केलं. तरी येत होता. मला बारापर्यंतच पाढे येतात. आणि मला एकोणतीसचा ऐकू येत होता.

मी तशीच हात पुसत वर गेले. सिस्टर औषधांच्या खोलीत होत्या. मी म्हटलं, "तुमच्यासाठी मी आत्ता खोटं बोलून आलेय. मला ते पेलत नाही. तुम्हाला बावीस वर्षं मनातलं कसं पेललं, देव जाणे. चला डॉक्टरांकडे."

"सगळ्यांना सांगायला हवं," त्या म्हणाल्या.

"ते नंतर. आधी डॉक्टरांना."

आमचे डॉक्टर वयाने लहान, सिस्टरांना मुलगा असता तर त्याच्या वयाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "सिस्टर, तुम्ही एक डोस फेकलात आणि नोंद खोटी केलीत. ते मला लिहावं लागेल."

"लिहा."

"आणि बाईंना तो ताप तुमच्याकडून गेला की पुतण्याकडून, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. लस घेतली असती तरी गेला नसताच असंही नाही. शक्यता कमी झाली असती. किती, ते मी आता मोजून देऊ शकत नाही."

मला वाटलं होतं, ते धीर देतील. त्यांनी दिला नाही. पण सिस्टरांचा चेहरा बघून वाटलं, धीर दिला असता तर त्यांना तो सोसला नसता.

मग डॉक्टर उठले. "तुमच्या भीतीचं काहीतरी करता आलं असतं," ते म्हणाले. "आधी बोलला असतात तर. उद्या सकाळी दहा वाजता या. मावशी, तुम्हीही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत पलंगाशेजारी सगळं मांडून ठेवलेलं होतं. ऑक्सिजन, रिअ‍ॅक्शन आली तर लगेच द्यायचं औषध सिरिंजमध्ये भरून तयार, सलाइन. डॉक्टरांनी सिस्टरांना एकेक दाखवलं, जणू त्यांना माहीत नव्हतं. मी उशाशी बसले. सिस्टर आडव्या झाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "तळहात खाजतायत."

"मी अजून सुई काढलीच नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे. तरी खाजतायत."

"खाजू द्या. आपण थांबू."

आम्ही थांबलो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. सिस्टरांच्या कपाळावर घाम आला, मी तो पदराने टिपला. त्या छताकडे बघत होत्या आणि ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "द्या आता."

सुई गेली ते मला कळलंसुद्धा नाही, त्यांना कळलं. अर्धा तास मी त्यांचे दोन्ही तळहात माझ्या मांडीवर घेऊन बसले. लाल झाले नाहीत, फुगले नाहीत. अर्धा तास झाल्यावर डॉक्टर म्हणाले, उठायला हरकत नाही. त्या उठल्या नाहीत. भिंतीकडे वळून बराच वेळ रडल्या. डॉक्टर बाहेर जाऊन उभे राहिले.

त्याच दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये सिस्टरांनी सगळ्यांना सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीचं नाही; ते माझं कारण आहे, सबब नाही, असं त्या मला म्हणाल्या होत्या. फक्त एवढंच, की मी घेतली नव्हती, घेतली असं सांगितलं, बाईंजवळ दोन दिवस खोकत गेले, आणि आज घेतली. मीही उठले आणि म्हटलं, मला ठाऊक होतं, तरी काल तुमच्याशी खोटं बोलले.

कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या माझ्या आधी तीन वर्षं तिथे होत्या, माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीला वाढलं होतं. आजतागायत त्यांनी माझ्या लाँड्रीत चहा घेतलेला नाही.

दुसरा डोस आम्हा सातांपैकी चौघींनी घेतला. काकूंनी नाही, आणखी एकीने नाही, चिमणीने नाही. चिमणीला मॅनेजरसाहेबांनी खोल्यांवरून काढून भांडी घासायला लावलं. सिस्टरांना एक महिना घरी बसवलं, मग परत घेतलं, पण लसीचं काम त्यांच्याकडून गेलं ते गेलं. नऊ नंबरमध्ये एक नवे आजोबा आले, मोठ्याने घोरणारे. त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम दुसऱ्या सिस्टर करतात. मोठ्या सिस्टर त्या दारापाशी आल्या की अजून पाऊल जरा लवकर उचलतात. मी त्यांना विचारलं नाही, अजून ऐकू येतं का म्हणून. माझ्या मशीनचा आवाज कधीकधी अजून तसा येतो, आणि मला तेवढं उत्तर पुरतं.

उन्हाळ्यात एक दिवस चिमणी भांड्यांची पाटी घेऊन लाँड्रीच्या दाराशी आली. आत आली नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मी घेतली."

"काय?"

"दुसरी. बाजारापलीकडे दवाखाना आहे तिथे. सासूबाईंना घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी तासभर प्रश्न विचारले, मागे रांग लागली तरी उठले नाही. मग दोघींनी घेतली." पाटी दुसऱ्या कमरेवर घेतली आणि म्हणाली, "तुमच्या कुणाच्या सांगण्यावरून नाही हं."

"नाही," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी वर जाऊन सिस्टरांना सांगितलं. त्या गोळ्या वेगळ्या करत होत्या. हात थांबला.

"तिने सगळं विचारलं त्यांना? मुलाबाळाचंही?"

"तासभर विचारत होती म्हणे."

सिस्टरांनी मान हलवली. मग चारच्या गोळ्यांचा ट्रे उचलला आणि पहिल्या खोलीकडे निघाल्या.